अस्थिमज्जेचा वायदा

रक्तदान ही गोष्ट आता महाराष्ट्राच्या चांगलीच अंगवळणी पडली आहे. पुढाऱ्याचा वाढदिवस असो, गणेशोत्सव असो की कोणा दिवंगताचे वर्षश्राद्ध असो, शाळेच्या सभागृहात चार खाटा मांडल्या जातात, दाराशी फलक लागतो, आणि दुपारपर्यंत शे-दीडशे माणसे बाह्या सारून, बिस्किटाचा पुडा व प्रशस्तिपत्र पदरात पाडून, कृतकृत्य मुद्रेने घरोघर परततात. या दानाचा मोठा गुण असा की ते जागच्या जागी संपते. त्यानंतर दात्याच्या दारी कोणी तगादा लावीत नाही, आणि आपले रक्त कोणाच्या कामी आले याची चौकशी करण्याची त्यालाही गरज वाटत नाही. ज्या दानाविषयी येथे लिहावयाचे आहे त्याची रीत मात्र अगदी उलटी आहे. तेथे शिबिराच्या दिवशी दात्याकडून जवळजवळ काहीच घेतले जात नाही: गालाच्या आतल्या अंगाला कापसाच्या दोनचार काड्या फिरवावयाच्या, त्या पाकिटात बंद करावयाच्या, संमतिपत्रावर सही करावयाची आणि चालू लागावयाचे. खरी मागणी येते ती पुढे केव्हा तरी, कदाचित सहा महिन्यांनी, कदाचित दहा वर्षांनी, आणि बहुतेकांच्या बाबतीत कधीच नाही. व्यापारी ज्याला वायदा म्हणतात तसा हा व्यवहार आहे, आणि अस्थिमज्जादानातील खरी कठीण गोष्ट सुई नसून सही आणि सुई यांच्यामधील हा अनिश्चित काळ आहे, असे माझे मत या विषयाच्या मागे लागल्यापासून दृढ होत गेले आहे.

आयुर्वेदाने सप्तधातूंच्या क्रमात अस्थीच्या लगेच पुढे मज्जेला सहावे स्थान दिले. ती हाडाच्या पोटात असते हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. रक्ताची सारी टांकसाळ तेथेच चालते हे मात्र सूक्ष्मदर्शकाच्या युगातच उमगले. प्रौढ माणसाच्या कमरेच्या, छातीच्या, बरगड्यांच्या आणि मणक्यांच्या हाडांत जी तांबूस, मऊ मज्जा असते, तिच्यातील मूलपेशी रोज सुमारे २०,००० कोटी तांबड्या पेशी तयार करतात. पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठविणाऱ्या बिंबिका यांचा हिशेब निराळा. ल्युकेमियात ही व्यवस्था बिघडून निरुपयोगी पेशींचा पूर येतो, अप्लास्टिक ॲनिमियात ती ठप्प होते, आणि थॅलसेमियात मुळातच सदोष रक्त निपजते. अशा रुग्णाच्या शरीरात परक्याच्या निरोगी मूलपेशी सोडल्या तर त्या रक्तप्रवाहातून आपली वाट आपण शोधीत हाडांच्या पोकळीत जाऊन बसतात आणि नवे रक्त घडवू लागतात. शेजारणीने वाटीभर विरजण नेले म्हणून आपल्या घरचे दही तुटत नाही, तसाच हा प्रकार आहे. दात्याची मज्जा चार ते सहा आठवड्यांत पूर्ववत होते.

ही कल्पना सिद्धीस जाण्यापूर्वी बरीच माणसे दगावली. अमेरिकेत डोनल टॉमस या वैद्याने १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतातील सहा रुग्णांपैकी एकही शंभर दिवसांपलीकडे जगला नाही. १९५८ च्या ऑक्टोबरात बेलग्रेडजवळच्या विंचा येथील अणुभट्टीत अपघात होऊन सहा जणांना किरणोत्साराची भयंकर बाधा झाली. त्यांना पॅरिसला नेण्यात आले, आणि तेथे जॉर्ज माते यांनी त्यांपैकी पाच जणांना फ्रेंच नागरिकांची मज्जा दिली. पाचांतले चार वाचले. त्या मज्जेचा त्यात वाटा किती, यावर पुढे तज्ज्ञांत पुष्कळ वाद झाला. परंतु ज्या परदेशस्थांची भाषाही आपल्याला येत नाही त्यांच्यासाठी आपल्या हाडांत सुई टोचून घेणारी साधी माणसे त्या शहरात निघाली, ही गोष्ट वादातीत आहे. टॉमस यांनी पहिल्या अपयशानंतर कुत्र्यांवर प्रयोग करीत आपली चिकाटी सोडली नाही, आणि १९९० चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले.

त्यांच्याच सिअ‍ॅटलच्या संस्थेत जाऊन ही विद्या शिकून आलेले डॉ. सुरेश अडवाणी यांनी २० मार्च १९८३ रोजी मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात भारतातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे चाकांच्या खुर्चीतून वावरणाऱ्या या गृहस्थांना याच अपंगत्वाच्या सबबीवर वैद्यकीय महाविद्यालयाने आधी प्रवेश नाकारला होता. रुग्ण होती ल्युकेमिया झालेली नऊ वर्षांची मुलगी, आणि दाता तिचा भाऊ. भाऊबिजेच्या ताटात भावाने घातलेल्या ओवाळणीची चर्चा आपल्या घरांतून फार होते. या ओवाळणीची नोंद दिवाळी अंकात एकदा तरी व्हावी म्हणून मी ती येथे मुद्दाम केली आहे.

भाऊच का, याचे उत्तर आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर असलेल्या खुणांत आहे. एचएलए या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खुणांतली पहिली फ्रान्सच्या झाँ दोसे यांनी १९५८ साली दाखविली, आणि १९८० साली त्यांनाही नोबेल मिळाले. आपल्या सहाव्या गुणसूत्रावर या खुणांचा लेख असतो. त्याचा एक अर्धा आईकडून येतो, एक बापाकडून, आणि सख्ख्या भावंडांचे दोन्ही अर्धे जुळण्याचा संभव चारांत एक एवढाच. रक्तगट जुळण्याची येथे गरज नाही. उलट प्रत्यारोपण यशस्वी झाले की रुग्णाचा रक्तगट बदलून दात्याचा होतो. आता गणित असे, की पाच भावंडे असतील तर त्यांपैकी एक तरी जुळण्याची शक्यता शेकडा ७६ होते, आणि एकच असेल तर ती २५ वरच राहते. कुटुंब लहान ठेवा असा घोष सरकारने अर्धशतक केला आणि आपण तो ऐकला. शहाणपणाच्या त्या निर्णयाची ही एक किरकोळ पण वसूल होणारी किंमत आहे. भावंड जुळले नाही की परक्याकडे जावे लागते, आणि परका शोधावयाचा तर त्याची नोंद कोठे तरी असावी लागते.

अशी पहिली नोंदवही १९७४ साली लंडनमध्ये शर्ली नोलन या आईने आपल्या आजारी मुलासाठी उघडली. त्या मुलाला, अँथनीला, जुळणारा दाता काही मिळाला नाही. १९७९ साली तो गेला. त्याच्या नावाची नोंदवही मात्र आजही चालू आहे, आणि जगातील अशा नोंदवह्यांत मिळून चार कोटींवर नावे आहेत. एकट्या जर्मनीतील आकडा कोटीच्या घरात जातो. भारतात चेन्नईची दात्री ही संस्था २००९ पासून काम करीत आहे, मुंबई-बंगळूरच्याही संस्था आहेत. तरीही सर्व मिळून नावे काही लाखांपलीकडे जात नाहीत, आणि लोकसंख्या १४० कोटी.

ही उणीव परदेशी नोंदवह्यांनी भरून का निघू नये, असे कोणी विचारील. निघत नाही, कारण हे लेख वंशपरंपरेने उतरतात. अमेरिकेच्या नोंदवहीत श्वेतवर्णीय रुग्णाला पूर्ण जुळणारा दाता सापडण्याची शक्यता शेकडा ७९ सांगतात, कृष्णवर्णीयाला २९. भारतीय वंशाची माणसेही श्वेतवर्णीयांच्या पुष्कळ मागे आहेत. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी कुटुंबातला मुलगा आजारी पडला, तर त्याचा तारणहार शेजारच्या बंगल्यात निघण्यापेक्षा कराडच्या नाही तर बार्शीच्या एखाद्या वाड्यात निघण्याचा संभव अधिक. याच्याही पुढे जाऊन पाहिले तर आपल्या सोयरिकी शेकडो वर्षे जातीच्या, पुष्कळदा पोटजातीच्या, कुंपणातच होत आल्यामुळे काही खुणांच्या जोड्या त्या त्या समाजातच अधिक आढळतात. उल्हासनगरला सिंधी निर्वासितांची जी मोठी वसाहत आहे तिच्यात थॅलसेमियाचे वाहक पुष्कळ, आणि त्यांच्या मुलांना जुळणारा दाता मिळण्याची आशाही त्यांच्याच समाजात अधिक. रोग आणि उपाय दोन्ही एकाच कुंपणाने राखून ठेवले आहेत. जातिसंस्थेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी यातून समर्थन काढू नये. ज्या समाजातून नोंदणीला कोणी येत नाही त्या समाजातला रुग्ण निराधार होतो, एवढाच याचा व्यावहारिक अर्थ. अलीकडे अर्धी जुळणी असलेल्या आईबापांची किंवा मुलांची मज्जा वापरण्याचे तंत्र चांगले साधू लागले आहे, आणि आपल्याकडे दात्यांची टंचाई असल्याने त्याचा अवलंबही बराच होतो. तथापि पूर्ण जुळणाऱ्या परक्याची गरज त्याने संपलेली नाही.

आता त्या वायद्याकडे वळू. सांगली जिल्ह्यातील एका गावच्या, सध्या पुण्यास नोकरी करणाऱ्या एका मुलीने महाविद्यालयात असताना मैत्रिणींबरोबर गालातून काड्या फिरवून घेतल्या होत्या आणि ती गोष्ट विसरूनही गेली होती. पाच वर्षांनी तिला फोन आला, की एका रुग्णाशी तुमची जुळणी दिसते, खातरजमेसाठी रक्ताचा नमुना द्याल काय. तिने तो दिला. जुळणी पक्की ठरली. मग ती घरी सांगावयास गेली. तिचे वडील निवृत्त तलाठी. घरात त्यांची विधवा बहीण असते, आणि प्रथम तोंड तिनेच उघडले.

“अगं, लग्न ठरायचंय तुझं. उद्या कुणी विचारलं तर काय सांगायचं? पाठीच्या कण्यातनं मज्जा काढून दिली म्हणून?”

“कण्याला हातसुद्धा लावत नाहीत, आत्या.”

“तुला काय कळतंय? आपल्या वाड्यातल्या कुणाला तरी पाठीत सुई दिली होती, जन्मभर कंबर धरून चालली.”

आत्याबाईंची भीती एकट्या त्यांची नव्हे. नोंदवह्यांतील माणसे सांगतात की या एका गैरसमजाने जेवढे दाते गळतात तेवढे दुसऱ्या कशानेही गळत नाहीत. मज्जारज्जू आणि अस्थिमज्जा यांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. मज्जा प्रत्यक्ष काढावयाची झाली तर ती कमरेच्या मागच्या बाजूच्या रुंद हाडातून काढतात. दात्याला संपूर्ण भूल दिलेली असते, काम तासा-दोन तासांत आटोपते, नंतर काही दिवस कंबर दुखते. परंतु आजकाल बहुतेक दात्यांकडून मज्जा घेतलीच जात नाही. चार-पाच दिवस रोज त्वचेखाली फिल्ग्रास्टिम या औषधाचे इंजेक्शन देतात. त्यामुळे मूलपेशी हाडांतून बाहेर पडून रक्तात येऊ लागतात, आणि तेथून त्या यंत्राने निवडून घेतात. या दिवसांत अंग मोडून येते, हाडे ठणकतात, डोके दुखते; पॅरासिटामॉलने बहुधा भागते. प्लीहेला इजा होण्यासारखे गंभीर प्रकार अतिशय विरळा, पण ते घडत नाहीत असे म्हणणे खोटेपणाचे होईल. म्हणूनच आधी एचआयव्ही, कावीळ, हृदय, फुप्फुसे यांच्या सगळ्या तपासण्या होतात, आणि त्यांत जरा शंका आली तरी दात्याला परत पाठवितात. दात्याला मोबदला मिळत नाही. तपासणीचा व प्रवासाचा खर्च त्याच्यावर पडू देत नाहीत.

तलाठीसाहेबांनी हे सारे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न केला. “सही केली होतीस का तू?”

“हो, अण्णा.”

“मग झालं. नोंद झाल्यावर मागं फिरायचं नसतं.”

पुढे त्यांना समजले, की मागे फिरता येते, अगदी शेवटच्या क्षणापर्यंत, आणि कोणताही कायदा दात्याला अडवू शकत नाही. आयुष्यभर फेरफार आणि सातबारा सांभाळलेल्या त्या गृहस्थांना ही गोष्ट पचविणे जड गेले, असे त्यांनी मला स्वतःच सांगितले. सहीला इतके वजन असावे, आणि तरी तिच्यामागे हुकमाचे बळ मुळीच नसावे, हे त्यांच्या दप्तरात बसत नव्हते.

या प्रश्नाचा निवाडा १९७८ साली अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे एकदा खुद्द न्यायासनासमोर झालेला आहे. रॉबर्ट मॅकफॉल याला अप्लास्टिक ॲनिमिया झाला होता. त्याच्या नात्यातला भाऊ डेव्हिड शिंप याने पहिली तपासणी करून घेतली, जुळणीची आशा दिसू लागली, आणि मग त्याने पुढे जाण्यास नकार दिला. मॅकफॉलने दावा लावला. न्यायाधीश फ्लॅहर्टी यांनी नकार नैतिक दृष्ट्या समर्थनीय नसल्याचे स्पष्ट शब्दांत नमूद केले, परंतु एका माणसाला वाचविण्यासाठी दुसऱ्याच्या शरीरात शिरण्याचा हुकूम देणे म्हणजे ज्या पायावर आपला समाज उभा आहे तोच उखडणे होय, अशा आशयाचा निर्णय देऊन दावा फेटाळला. काही आठवड्यांतच मॅकफॉल मरण पावला. मला हा निकाल योग्य वाटतो, आणि तो वाचताना शिंपविषयी माझ्या मनात कणव उत्पन्न झाली नाही, हेही लिहून ठेवतो. दान हे दान राहावयाचे तर नकाराची मोकळीक खरी असलीच पाहिजे. पण ही मोकळीक वापरण्याची वेळ नोंदणीपूर्वी आहे, किंवा फोन आल्या दिवशी आहे, त्यानंतर दर दिवशी ती महाग होत जाते.

किती महाग, ते रुग्णाच्या खोलीत कळते. नव्या पेशींना जागा व्हावी म्हणून प्रत्यारोपणापूर्वी आठ-दहा दिवस रुग्णाला जबर केमोथेरपी देतात, कधी जोडीला सर्व शरीरावर किरणोपचार करतात, आणि त्याची स्वतःची मज्जा समूळ नष्ट करतात. हे काम सुरू झाल्यानंतर दात्याने माघार घेतली तर त्या माणसाच्या शरीरात रक्त निर्माण करणारे काहीच उरत नाही. दोन माणसे एकमेकांना ओळखत नाहीत, एकमेकांचे नाव त्यांना सांगितलेलेही नसते. आणि त्यांतला एक दुसऱ्याच्या शब्दाच्या भरवशावर स्वतःला मरणाच्या दारी नेऊन उभा करतो. वडिलांच्या ‘मागं फिरायचं नसतं’ या उद्गारामागे कायद्याचे बळ नसले तरी वैद्यकाचे आहे.

मुलगी पुण्याच्या एका रुग्णालयात दाखल झाली तेव्हा आत्याबाई तिच्यासोबत होत्या. त्या का आल्या हे त्यांना कोणी विचारले नाही. दोन्ही दंडांत सुया होत्या, एकीतून रक्त यंत्रात जात होते, दुसरीतून परत येत होते, आणि पाच तास तिला हात वाकविता येत नव्हता. रक्त गोठू नये म्हणून यंत्रात जे द्रव्य मिसळतात त्याने शरीरातले कॅल्शियम उतरते. तिच्या ओठांना मुंग्या येऊ लागल्या तेव्हा परिचारिकेने कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. नाक खाजले की आत्याबाई ते खाजवीत, मधूनमधून खोबऱ्याच्या वडीचा तुकडा तिच्या तोंडात घालीत, आणि चहा मात्र मागूनही देत नसत, कारण मध्ये उठता येणार नाही हे त्यांनी पहिल्या अर्ध्या तासातच ताडले होते. वर टांगलेल्या पिशवीत हळूहळू गढूळ तांबडा द्रव साठत गेला. “एवढंच?” त्यांनी विचारले. “एवढंच,” परिचारिका म्हणाली.

ती पिशवी दोन ते आठ अंश तापमानाच्या पेटीत घालून एका माणसाच्या हवाली करण्यात आली. अशी पेटी सामानात टाकीत नाहीत. रवानगी करणारा ती स्वतःजवळ बाळगतो, विमानतळावर ती क्ष-किरणांखालून जाऊ नये म्हणून कागदपत्र दाखवितो, आणि ७२ तासांच्या आत ती रुग्णापाशी पोचवून पावती घेतो. पुढचा सोहळा काहीच नाही. रक्ताची बाटली चढवितात तशीच ती चढवितात. मग दोन ते चार आठवडे रुग्ण आणि त्याचे आप्त रोज एका आकड्याकडे डोळे लावून बसतात: पांढऱ्या पेशींतील न्यूट्रोफिल सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिले, म्हणजे परकी मज्जा रुजली. ती रुजूनही नव्या पेशी रुग्णाच्या त्वचेवर, यकृतावर, आतड्यांवर उलटू शकतात, आणि याच उलटण्याच्या गुणाने त्या उरल्यासुरल्या कर्करोगाचाही समाचार घेतात. एवढ्या ओझरत्या उल्लेखावर हा विषय सोडतो, कारण तो स्वतंत्र लेखाचा आहे. खर्च कित्येक लाखांत जातो. थॅलसेमियाच्या मुलांसाठी कोल इंडियाच्या निधीतून २०१७ पासून प्रत्येकी १० लाखांपर्यंत साहाय्य देण्याची योजना आहे. ती ज्यांना हवी त्यांतल्या बऱ्याच घरी माहीत नाही, म्हणून येथे लिहिली.

रुग्ण कोण, कोठला, हे त्या मुलीला कळलेले नाही. दोघांची ओळख करून द्यावयाची ती काही काळ लोटल्यावर, आणि दोघांचीही लेखी इच्छा असेल तरच. दरम्यान त्याच रुग्णासाठी आणखी पांढऱ्या पेशी लागण्याचा प्रसंग येऊ शकतो, म्हणून तिचे नाव सध्या इतर कोणासाठी खुले नाही. नोंदवह्यांची एक जुनी तक्रार अशी, की जुळणी सापडते आणि माणूस सापडत नाही: फोन बदललेला, खोली सोडलेली, आणि मुलींच्या बाबतीत लग्नानंतर आडनावासकट सारेच पालटलेले. या मुलीचे लग्न यंदा वैशाखात झाले. तिच्या यजमानांना आणि सासूबाईंना सगळी हकीकत बैठकीतच सांगण्यात आली होती, ती आत्याबाईंनी, न विचारता. नवा पत्ता नोंदवहीकडे पोचला आहे. बँकेत मात्र अजून माहेरचेच आडनाव आहे, तेवढे काम दिवाळीच्या सुट्टीत उरकावयाचे ती म्हणते आहे.